नववीचा थेंब

नववीतल्या वैजयंताच्या कानात विज्ञानाचा थेंब टाकून घटकाही झाली नव्हती, तोच ती घोडकेसरांच्या डोळ्यांत टक लावून बघत म्हणाली, "सर, तुमचं यकृत गेलंय. यंदाचा दिवाळीचा फराळ काही तुमच्या नशिबात नाही."

सर मटकन खुर्चीत बसले. एका थेंबात वर्षाचा अख्खा अभ्यास डोक्यात उतरायचा, पण वर्षाला थेंब एकच. विज्ञानाचा क्रम सरांनीच आखला होता: नववीला रोग ओळखणं, दहावीला रोग्याशी बोलणं.

"अगं, जरा हळुवार सांगायचंस की!"

"ते दहावीत आहे ना, सर!" वैजयंता रडवेली झाली. "पुढच्या जूनमध्ये थेंब मिळाला, की आधी तुमच्याकडेच येते. तेव्हा नीट सांगेन."

"ये हो, बाळ," म्हणत सरांनीच तिचे डोळे पुसले.