आरशातला गंज

विमानाच्या पंखातला, फ्लॅपच्या हलत्या झडपेमागचा दांडा डोळ्यांना लखलखीत दिसत होता. काडीच्या टोकावरच्या तपासणीच्या आरशात मात्र तोच दांडा गंजून लाल झाला होता.

तपासनीसबाईंनी आरसा पुसला. गंज तिथेच. दुसरा आरसा मागवला. गंज तिथेच, उलट जरा वाढलेला.

"बाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," इन्चार्ज म्हणाले. "सही करा. दीडशे माणसं ताटकळलीत."

"म्हणूनच करत नाही. दांडा उतरवा."

"चांगला निघाला तर उद्यापासून घरी बसायचं. कबूल?"

"कबूल."

सक्तीच्या तपासणीची तिथली रीत अशी, की आधी सही व्हायची आणि सवड मिळाली तर तपासणी. त्यामुळे दांडा उतरवायचा पाना शोधण्यातच तास गेला.

दांडा बाहेर आला. नवाकोरा म्हणून खपला असता. इन्चार्जांनी तो विजयी मुद्रेने उचलला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतून लाल भुगा भुरभुरला.

हँगरमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तासभर नाकं मुरडणारेच सगळ्यात जोरात वाजवत होते. दीडशे माणसं वाचली होती, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंचं कोणी ऐकलं होतं.

"मानलं बाई तुम्हाला!" इन्चार्जांनी कान पकडले आणि छाती फुगवली. "आता आमचीही तपासणी होऊन जाऊ द्या."

बाईंनी हसत आरसा त्यांच्याकडे वळवला आणि आत डोकावल्या. हसू तिथेच थांबलं.

"साहेब, जागचे हलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "आणि कोणीही ह्यांच्या पाठीवर थाप मारू नका."