मागचे ब्रेक

चाकामागची ब्रेकची डिस्क जागची हलेना. सुनेने हातोडीने ठोकून पाहिलं, पण गंजाचा भुगा तेवढा तिच्या बाह्यांवर पडला. गाडीची मागची बाजू जॅकवर उचललेली, पुढच्या चाकांना विटा लावलेल्या. दारात खुर्ची टाकून सासरे बसले होते. मांडीवर नव्या पॅडचा खोका.

"हँडब्रेक सोडलास ना?" त्यांनी विचारलं. आजारपणानंतर जीभ अजून जड होती. शब्द एकेक करून येत.

"सोडलाय हो बाबा."

"मग गॅरेजवाल्याला बोलवू या."

"एवढी वर्षं टॅक्सी चालवलीत, तुम्ही कधी बोलावलंत?"

"माझी गोष्ट वेगळी."

"आणि मला हे सगळं शिकवलं कोणी? शेजारच्यांनी?"

सासरे हसले. एका बाजूने चेहरा अजून नीट साथ देत नव्हता, तरी हसले. "एकाच जागी नको मारूस. थोडं ठोक, थोडं फिरव, परत ठोक."

तिने तसं केलं. डिस्क एकदम सुटली आणि तिच्या मांडीवर आदळली. "आई गं!" ती ओरडली, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

हसू ओसरल्यावर तिने डिस्क त्यांच्यापुढे धरली. डिस्कवर खोल चरे पडले होते. जुन्या पॅडचं तर नुसतं लोखंड उरलं होतं.

"वाट लावलीस की," ते म्हणाले.

"त्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेताना ब्रेक नुसते किंचाळत होते. मी म्हटलं, किंचाळा."

सासरे बराच वेळ त्या चऱ्यांकडे बघत राहिले. डाव्या हाताच्या बोटाने एक चरा त्यांनी चाचपून पाहिला.

"डॉक्टर म्हणाले होते, जरा उशीर झाला असता तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "झिजू दे. कामी आली."

ती नवी डिस्क घेऊन तिच्यावरचं तेल पुसत बसली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

मग पॅड दाबणारा पिस्टन अडला. ती जोर लावून आत ढकलत होती आणि तो तसूभर सरकत नव्हता.

"ढकलू नकोस नुसता. मागचा आहे तो. फिरवत फिरवत आत घे."

पिस्टन फिरत फिरत आत गेला. नवे पॅड बसले. दुसऱ्या बाजूला त्यांना काही सांगावं लागलं नाही. चाकं चढवून, गाडी खाली उतरवून तिने हात पुसले.

"आता पेडल मारायला कोणीतरी हवं."

"तूच मार की."

"मला बाहेरून बघायचंय. चला, उठा."

आजारी पडल्यापासून ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले नव्हते. तिच्या खांद्याचा आधार घेत ते आत शिरले. उजवा पाय डाव्या हाताने उचलून पेडलवर ठेवला आणि गुडघ्यावर हात दाबून जोर दिला. पेडल सरळ खाली गेलं.

"पोकळ आहे."

"जाऊ दे. पुन्हा."

ते दाबत राहिले. कपाळावर घाम आला. पेडल हळूहळू वर राहू लागलं.

"लागतोय गं," ते म्हणाले. "घट्ट लागतोय आता."

"ऐकू आलं," ती चाकामागून म्हणाली. बाहीने तिने डोळे पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

थोड्या वेळाने दोघं चक्कर मारायला निघाले. ती स्टिअरिंगवर, सासरे शेजारी, पट्टा लावून, डावा हात दाराच्या कडीवर. रिकाम्या गल्लीत तिने दोनचारदा हळूच ब्रेक दाबून पाहिले. आवाज नाही, खेच नाही.

कोपऱ्यावर एक सायकलवाला न बघताच आडवा आला. तिने पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सायकलवाला हात वर करून निघून गेला.

तिने श्वास सोडला आणि सासऱ्यांकडे वळून पाहिलं. डावा हात अजून कडीवरच होता. खाली त्यांचा उजवा पाय मॅटवर गच्च दाबलेला होता. आपला आपण.

"बाबा," ती हलकेच म्हणाली, "तिकडे ब्रेक नाहीये."

"माहितेय." त्यांनी पाय उचलला नाही. "तुझ्या जोडीला."