पुसलेली भिंत

ग्रंथालयातल्या बाई गेल्या, त्याला आठवडाही झाला नव्हता. त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे मेकॅनिक्सचे सर, वर्गावर हजर. कोणाला काही बोलायची सोय ठेवली नाही. हजेरी घेतली, फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी काढली आणि डस्टरने भिंत पुसून टाकली.

"आता शिडी एकटी. पण भिंत तिला जेवढ्या जोराने रेटत होती, तेवढ्या जोराचा बाण इथे काढायचाच. तो विसरलात, तर गणित चुकलंच म्हणून समजा."

मी आगाऊपणे विचारलं, "सर, भिंतच नाही, तर बाण कसला?"

"भिंत आपण पुसली. शिडीला कुठे माहीत आहे?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. बाण काढून, हात झटकून निघाले.

जिन्यात मी त्यांच्या मागेच होते. सर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत थांबत उतरत होते.

"सर, पाय दुखतोय?"

"नाही गं. तू हो पुढे."

त्यांचा डावा हात कोपरात वाकलेला होता. उतरताना बाई रोज धरायच्या, तसाच. त्या बाजूला एक माणूस सहज जाईल एवढी जागा होती. मी तिथून गेले नाही.