थांबायची जागा

हळदीच्या मांडवात बेंजोवाल्यांनी शर्वरीच्या लाडक्या जपानी रॉक बँडचं गाणं मोबाईलवर ऐकून झकास उचललं. तिची नजर मात्र कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेल्या विश्वजितवर होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवल्यापासून हा धाकटा भाऊ बोलत नव्हता. एकेकाळी याच गाण्यावर नाचून दोघांनी पलंग मोडला होता.

मध्येच गाणं क्षणभर थांबतं, तिथे बेंजोवाल्यांनी ताशा बडवला.

विश्वजित तरातरा उठून आला. "ओ मास्तर, इथं गप्प राहायचं असतं."

"गप्प बसलो तर पाहुणे जेवायला पळतात, भाऊ."

"पळू देत. परत घ्या."

गाणं पुन्हा सुरू झालं आणि बरोबर त्या जागी थांबलं. मांडव चिडीचूप.

विश्वजितने बहिणीचा हळदीने माखलेला हात धरला.

"पदर खोच, तायडे," तो म्हणाला. "आता उडी मारायची."