वळसा

"वाट मोकळी आहे, सरळ या," मी कंट्रोल रूममधून रेडिओवर टँकरच्या कॅप्टनला सांगितलं.

"नेहमीचा वळसा नको?"

"नको. बुडालेली बोट काढली."

ती बोट माझ्या भावाची होती. जयेंद्र वादळात बोटीसकट गेला आणि त्याचं शरीर कधी सापडलंच नाही. बोटीचा सांगाडा मात्र बंदराच्या वाटेतच रुतून बसला. तेलानं भरलेला टँकर त्यावर घासला असता, तर तळ फाटून सगळा किनारा काळा झाला असता. म्हणून प्रत्येक टँकरला लांबून वळवायचं, असा नियम झाला. वळवायचं काम माझं.

आई जेटीवर बसून ते बघायची. "एवढाली जहाजं, पण माझ्या पोराच्या अंगावरून कोण जात नाय," म्हणायची. त्यावरच ती तगली होती.

सांगाडा उचलायला क्रेन आली, तेव्हा मी आईला मावशीकडे धाडलं. सांगाड्यात कोणीच नव्हतं. ती परत आली, पण तिला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आज टँकर त्या जागेवरून सरळ आत आला. मी काचेतून जेटीकडे बघायचं टाळलं.

घरी गेले तर बोंबलाच्या कालवणाचा वास सुटला होता. जयेंद्र गेल्यापासून आईनं ते केलं नव्हतं. तिनं तीन ताटं मांडली होती.

"आज जहाज सरळ गेलं गो," ती म्हणाली. "म्हणजे तो तिथनं उठला. दाराला कडी लावू नको."