गॉर्गनचे डोळे

नाणं चकचकत होतं. नव्या पितळी वाटीसारखं.

नीरजा देवापाशीच थबकली. काल शाळेतून आणलं तेव्हा ते हिरवं होतं, शेवाळलेल्या दगडासारखं. आता ते ताम्हनात, निरांजन आणि घंटेच्या मधे, ओलं आणि पिवळंधमक बसलं होतं.

"हे कोणी केलं?"

"मी." अस्मिता सिंकपाशी उभी होती. मनगटापर्यंत चिंचेचा कोळ. "शुक्रवार ना आज, देवाची भांडी काढली. हे किती हिरवं पडलं होतं गं. चिंच-मिठाने निघेना, मग तारेची घासणी घेतली. कसलं निघालंय बघ."

अस्मिता त्यांची भाडेकरू. सांगलीहून इथे परदेशात कुकरीचा डिप्लोमा करायला आलेली, टूनगॅबीच्या या घरात पुढची खोली तिची. देवाची भांडी घासायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढा अर्धा तास घरी असल्यासारखं वाटतं, म्हणायची.

"अस्मिताताई, ते अडीच हजार वर्षांचं आहे."

अस्मिता हसली. मग तिने नीरजाचा चेहरा बघितला आणि हसू तिथेच राहिलं.

नाणं इतिहासाच्या मिस स्टॅव्रूंचं होतं, त्यांच्या आजोबांचं. अख्ख्या वर्गात ते घरी न्यायला मिळालं एकट्या नीरजाला, कारण आज पहिल्याच तासाला त्यावर बोलायची होती ती. अट एकच: डबीतून बाहेर काढायचं नाही. "नो वरीज, मिस," नीरजा म्हणाली होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि घरी आल्यावर पाच मिनिटांत डबी उघडली होती.

"आई, बघ ना, गॉर्गन. केसांत साप, जीभ बाहेर. आपलं गाव सोडून ग्रीक लोक काळ्या समुद्राच्या काठी जाऊन राहिले, तिथे ओतलेलं ब्राँझचं नाणं आहे हे. मागे गरुड, त्याच्या पायात डॉल्फिन. आणि शी इज स्केरी ऑन पर्पज. वाईट काही असेल ना, ते तिला घाबरून लांब राहावं म्हणून."

"म्हणजे आपल्याकडे नव्या बंगल्यावर राक्षसाचं तोंड लावतात तसं," वासंती म्हणाली होती. "राखणदार." आणि तिने ते देवापुढे ठेवलं. या घरात जपायचं सगळं तिथेच असतं. पासपोर्ट, रिझल्ट, गाडीची दुसरी किल्ली.

नीरजाने नाणं पुसून खिडकीशी नेलं. गरुड पुसट झाला होता, पण होता. तिने नाणं उलटलं.

साप गेले होते. जीभही गेली होती. तो हिरवा थर म्हणजे मळ नाही, मिसनी बजावलं होतं, चेहरा त्या थरातच टिकलेला असतो. घासणीने सगळा थर खरवडून नेला होता. उरले होते दोन गोल डोळे, सताड उघडे. या बाईला आता कोणीच घाबरलं नसतं. तीच कशाला तरी घाबरल्यासारखी दिसत होती.

"पोलिसात देतील?" अस्मिताने विचारलं.

"छे गं," गॅसपाशी उभी असलेली वासंती म्हणाली. पण तिच्या पाठीमागे दूध उतू जात होतं आणि तिचं लक्ष नव्हतं.

"काकू, मिस विचारतीलच ना, कोणी केलं ते. मग कॉलेजला कळवतील. अटेंडन्सचं एक पत्र आधीच आलंय मला. व्हिसा गेला तर..." तिने हात नळाखाली धरले, पण नळ सोडलाच नाही. "बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत."

"असं नाही होत," वासंती म्हणाली. मग नीरजाकडे वळली. "नक्की नाही ना होत?"

नीरजाला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. अस्मिताच्या वर्गातला एक मुलगा गेल्या महिन्यात यायचा बंद झाला होता, आणि का, ते जो तो वेगळं सांगत होता.

"तू सांग, नीरू, चुकून झालं," वासंती म्हणाली. "अस्मिताला माहीत नव्हतं म्हणावं. खरंच आहे ते."

खरंच होतं. नीरजाने मनातल्या मनात ते इंग्रजीत म्हणून बघितलं. अवर टेनंट डिड इट. किती पटकन बसलं वाक्य. मिसचा चेहरा पडला असता, पण तिच्यामुळे नाही. टाळ्या नसत्या मिळाल्या, एवढंच.

तिने वर बघितलं. अस्मिता नळाखाली हात धरून तशीच उभी होती. दोन गोल डोळे, सताड उघडे.

नीरजाने नाणं डबीत ठेवलं. झाकण लावलं.

"काय सांगशील?" अस्मिताने विचारलं.

"डबी मी उघडली. उघडू नको सांगितलं होतं तरी. घर माझं. तुझं नाव कशाला येतंय मधे?"

"आणि घासलं कोणी, विचारलं तर?"

"सांगणार नाही."

"ओरडतील तुला."

"ओरडू देत."

"परत काही देणार नाहीत तुझ्याकडे."

नीरजा दप्तर खांद्यावर घेऊन दारापर्यंत गेली. अस्मिता मागे आली, ओल्या हातांनी, पण उंबऱ्याच्या आतच थांबली.

नीरजा वळली. तिने डोळे वटारले, दात विचकले आणि जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर काढली.

अस्मिताला हसू फुटलं.

नीरजाने जीभ आत घेतली आणि भराभर स्टेशनच्या दिशेने चालू लागली. खिशातली डबी तिने मुठीत घट्ट आवळली होती. शाळेच्या स्कर्टचा खिसा खोल होता म्हणून बरं, दारातून कोणाला दिसलं नाही.