लोकरीचे हातमोजे

मुलांनो, डोळ्यांपुढे एक खोली आणा: पलंगावर उघडी बॅग, आणि परदेशी शिकायला निघालेली ताई भर उन्हाळ्यात लोकरीचे हातमोजे घालून बसलेली. धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही. तिच्या हातांच्या खुणा ताईलाच कळतात. नोकरीच्या धबडग्यात आईला त्या शिकायला सवडच झाली नाही. “परवा मी नसेन. आता तूच ओळख,” ताई समोरच्या आईला म्हणाली. धाकटीशी आपले हात आपसूक बोलू नयेत म्हणूनच ते मोजे. धाकटीने दोन बोटं तळहातावर चालवली, मग स्वतःच्या छातीवर टेकवली. “फिरायला जायचं म्हणतेय?” “नाही गं.” “बूट मागतेय?” “नाही, आई!” ‘मलाही ने’ हा खुणेचा अर्थ ताईच्या ओठांवर आला, तिने गिळला. “अगं, सांग की!” आई रडकुंडीला आली. धाकटीने पाय आपटले, ताईकडे पाठ फिरवली. मग आईचा हात ओढून तळव्यावर तीच बोटं पुन्हा सावकाश चालवली.